मुंबईकरांचा रविवार आणि घाटवाटांचे ऋण

मुंबई नगरी समुद्राच्या काठी वसली, समुद्रावरच्या व्यापाराने वाढली आणि स्वतःस सागरकन्या म्हणवून घेण्यात तिने नेहमीच धन्यता मानली. तथापि पाऊस उघडल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी ठाण्याच्या खाडीपलीकडे दृष्टी टाकली म्हणजे माथेरानचे लांबट पठार, प्रबळगडाचा भरभक्कम माथा आणि कर्नाळ्याचा आकाशात घुसलेला सुळका ही जी शिखरपंक्ती दिसते, ती पाहून या नगरीचे दुसरे नाते सह्याद्रीशी आहे याविषयी शंका उरत नाही. आठवड्याचे सहा दिवस कचेरीत, गिरणीत किंवा पेढीवर खर्ची घालून सातव्या दिवशी शिदोरी बांधून डोंगराकडे निघण्याचा जो परिपाठ मुंबईकरांच्या अंगवळणी पडला आहे, तो आज इतका स्वाभाविक वाटतो की त्याला इतिहास असेल अशी कल्पनाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु एका दिवसाच्या या वनविहारामागे दोन सहस्रकांची वहिवाट, लोहमार्गासाठी फोडलेला कातळ, सुट्टीसाठी गिरणी कामगारांनी केलेली चळवळ आणि डोंगराच्या पदरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचे मूक साहाय्य अशा अनेक गोष्टी आहेत. त्यांची आठवण ठेवणे हे केवळ जिज्ञासेचे काम नसून कर्तव्याचे काम आहे, अशी माझी धारणा आहे.

प्रथम वाटांचा विचार करू. ज्या पायवाटेने आजचा तरुण राजमाचीस किंवा भीमाशंकरास चढतो, ती कोणा हौशी पर्यटकाने काढलेली नाही. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल जुन्नर, पैठण, तेर यांसारख्या देशावरील नगरांकडे न्यावयाचा तर सह्याद्रीची भिंत ओलांडणे भाग होते, आणि ती ओलांडण्याची जी नैसर्गिक खिंडारे होती त्यांतूनच घाटवाटा सिद्ध झाल्या. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा, यज्ञांचे आणि दानांचे तपशील सांगणारा जो ब्राह्मी शिलालेख आहे, तो या मार्गाच्या वैभवाची साक्ष देतो. आणि घाटाच्या तोंडाशी असलेला प्रचंड दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते. बोरघाटाच्या आसमंतात कोंडाणे, कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी कोरली गेली, तीही या रहदारीच्याच आश्रयाने. मुंबईच्या अगदी उंबरठ्यावर, साष्टीच्या अरण्यात, कान्हेरीच्या डोंगरात जी शंभरांहून अधिक लेणी आहेत, त्यांतील दानलेखांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांचे उल्लेख सापडतात. व्यापारी आणि भिक्षू एकाच वाटेने चालत होते. एकाला बाजारपेठ गाठावयाची होती आणि दुसऱ्याला वर्षावासासाठी निवारा हवा होता.

वाटेवर माल आला म्हणजे जकात आली, जकात आली म्हणजे चौकी आली आणि चौकीच्या रक्षणासाठी गड उभा राहिला, हा क्रम सह्याद्रीत सर्वत्र दिसतो. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले बोरघाटाच्या परिसरावर दृष्टी ठेवून आहेत. कोथळीगड, सिद्धगड, माहुली, इर्शाळ, कर्नाळा या सर्वांची स्थाने कोणत्या ना कोणत्या घाटवाटेच्या संदर्भातच समजून घ्यावी लागतात. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असा अंमलदारवर्ग असे. परंतु गडाच्या घेऱ्यातील राखणदारी मात्र कोळी, रामोशी, महार अशा भूमिपुत्रांकडे असे, आणि त्या चाकरीबद्दल त्यांना जमिनी तोडून दिलेल्या असत. रात्री कोणत्या नाळेतून शत्रू वर येऊ शकेल, कोणते टाके वैशाखातही आटत नाही, कोणत्या सोंडेवर पाऊल ठरते आणि कोणत्या सोंडेवर माती सुटते, हे ज्ञान या लोकांपाशी होते. ते दप्तरात कोठे नोंदलेले नसले तरी राज्याच्या सुरक्षिततेचा पाया तेच होते.

सन 1818 मध्ये पेशवाईचा अस्त झाला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले एकामागून एक घेतले आणि पुढे कॅप्टन डिकिन्सन या इंजिनियराने किल्ल्यांची पाहणी करून सरकारास अहवाल सादर केला. पुन्हा कोणी गडाचा आश्रय घेऊ नये म्हणून कित्येक ठिकाणी पायऱ्या, दरवाजे आणि तट सुरुंगाने उडविण्यात आले. गड ओस पडले, घेऱ्यातील राखणदारांची चाकरी संपली. 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा जुन्या पायघाटांवरील बैलांचे तांडेही हळूहळू दिसेनासे झाले. मात्र वाट मोडली नाही, कारण मीठ-मिरचीसाठी घाट उतरणारा शेतकरी, लग्नाचे वऱ्हाड, सासरी-माहेरी जाणारी लेक आणि देवाचा यात्रेकरू यांनी ती पायांखाली ठेवली. आपण आज ज्या वाटेने चढतो ती टिकून राहिली ती या अनाम पावलांमुळे.

घर सोडून एखादा दिवस झाडाखाली घालवावा ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असे मानण्याचे कारण नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंक्ती मांडून आवळीभोजन करण्याचा कुलाचार महाराष्ट्रात जुना आहे. त्यात वृक्षाचे पूजनही आहे आणि सहकुटुंब मोकळ्या हवेत बसून जेवण्याचा आनंदही आहे. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या दर्शनास मुंबईचे कोळी बांधव पूर्वापार जात आले आहेत. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे, महाशिवरात्रीची कान्हेरी ही मुंबई-साष्टीच्या लोकांची डोंगराशी भेट घडवून आणणारी निमित्ते होती. इंग्रज अंमलदार आणि प्रवासी कान्हेरीस जाऊ लागले ते पुराणवस्तूंच्या कुतूहलाने. बिशप हेबर यांनी 1825 साली ती लेणी पाहिली. अशा रीतीने भक्ती, भोजन आणि कुतूहल हे तीन प्रवाह वेगवेगळे वाहत होते. त्यांचा संगम होण्यास एक वाहन आणि एक मोकळा दिवस, अशा दोन गोष्टींची आवश्यकता होती.

वाहन आले ते 16 एप्रिल 1853 रोजी, जेव्हा बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतची 21 मैलांची मजल पहिल्या आगगाडीने मारली. पुढील वर्षी कल्याण, 1856 मध्ये नेरळ-कर्जतवरून खोपोली आणि अखेर 1863 च्या एप्रिलमध्ये बोरघाट चढून लोहमार्ग देशावर पोहोचला. जेम्स बर्कले या इंजिनियराच्या आखणीप्रमाणे बांधलेल्या या घाटाची लांबी सुमारे पावणेसोळा मैल, चढ 1831 फूट आणि बोगदे 25 होते, आणि कामाच्या भरात एके काळी 40 हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल घाटात पाऊल ठेवताच अल्पावधीत आजाराने वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले, ही हकीकत इतिहासाने नोंदून ठेविली. परंतु पटकीने आणि हिवतापाने, सुरुंगाच्या स्फोटाने आणि कड्यावरून पडून जे मजूर तेथे मेले त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. पावसाळ्यात खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडताच उल्हास नदीच्या दरीत कोसळणारे धबधबे पाहून डब्यातील मंडळी हर्षोद्गार काढतात, त्या वेळी ज्यांनी ही खिडकी आपल्यासाठी कातळात फोडून दिली त्यांचे स्मरण क्षणभर तरी व्हावयास हवे.

लोहमार्गाने डोंगर जवळ आणला, आणि त्या जवळिकीचे पहिले मोठे फळ म्हणजे माथेरानची भरभराट. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चौक गावाच्या बाजूने या डोंगरावर चढला, तेथील गर्द राई आणि शीतल हवा पाहून मोहित झाला आणि त्याने या स्थळाची कीर्ती मुंबईस नेली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने तेथे रस्ते आणि बंगले झाले. मॅलेटने माथेरान शोधून काढले असे लिहिण्याची प्रथा आहे. वास्तविक त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर, धनगर आणि कातकरी यांचा वावर फार पूर्वीपासून होता, आणि ज्या वाटांनी साहेब वर गेले त्या त्यांच्याच होत्या. पुढे अर्धशतकभर नेरळ स्टेशनावर उतरून तट्टावरून, डोलीतून किंवा पायी वर जाण्याचा क्रम चालला. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे सुमारे 16 लक्ष रुपये खर्चून, अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली अवघ्या दोन फूट रुंदीचा लोहमार्ग डोंगराच्या वळणावळणाने वर नेला आणि 22 मार्च 1907 रोजी तो खुला झाला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानके घेत रमतगमत जाणाऱ्या या गाडीने मध्यमवर्गीय कुटुंबांस माथेरान सुलभ केले. आणि मोटारीस माथ्यावर मज्जाव करण्याचा निर्बंध पाळला गेल्यामुळे तेथील लाल मातीचे रस्ते दीर्घकाळ पादचाऱ्यांचे राहिले.

आता मोकळ्या दिवसाची कथा. सरकारी कचेऱ्यांस रविवार मोकळा असला तरी गिरण्यांतील कामगारांस तो नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापाशी उभे राहावयाचे आणि सुट्टी मिळाली तर सणावारी किंवा यंत्र साफ करण्याच्या निमित्ताने, अशी त्यांची स्थिती होती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराने प्रेरित झालेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवून, सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार करून रविवारच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली. खंडोबाचा वार म्हणून रविवारास कामगारांच्या मनात जे स्थान होते त्याचाही आधार त्यांनी घेतला. पुढे सहा वर्षे हा प्रश्न त्यांनी लावून धरला. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या वर्षी 10 जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या कामगाराने ही सुट्टी मिळविली तो दुसऱ्याच रविवारी डोंगर चढावयास गेला, असे कोणी म्हणणार नाही. चाळीतील अंधाऱ्या खोलीत त्याने ती थकल्या देहास विसावा देण्यात घालविली असेल. तथापि विश्रांतीचा दिवस हा मालकाचा प्रसाद नसून श्रमिकाचा हक्क आहे, ही जाणीव या नगरीत रुजली ती त्या लढ्याने. आणि रविवारी पहाटे कर्जत किंवा कसारा लोकलमध्ये पाठीवर पिशव्या घेऊन बसलेल्या प्रत्येक तरुणाने लोखंड्यांचे नाव जाणले पाहिजे.

डोंगराकडे जावयाचे कशासाठी, या प्रश्नाचे नवे उत्तर याच सुमारास मिळत होते. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत सहा युरोपीय होते. उरलेले दोघे, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, हे मुंबईच्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासातही मान्यता पावलेले पुरुष होते. 1886 पासून या संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि सह्याद्रीतील पशुपक्षी, साप, फुलपाखरे, वनस्पती यांच्या नोंदी शास्त्रशुद्ध रीतीने होऊ लागल्या. आरंभी या अभ्यासाचे साधन बंदूक हेच होते; ती खाली ठेवून दुर्बीण हाती घेण्याचा संस्कार सालीम अली यांच्यासारख्यांनी केला. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर किहीम येथे 1930 साली त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे जे निरीक्षण केले, ते केवळ डोळे आणि सबुरी यांच्या बळावर. आणि 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पक्षिग्रंथाने सामान्य माणसाच्या हाती रानातील सहचरांची ओळख दिली. कारवीचे रान अनेक वर्षे हिरवेगार राहून एका वर्षी एकदमच निळ्या-जांभळ्या फुलोऱ्याने डवरून येते आणि बीज टाकून मरते, हे पाहण्यासाठी वाट वाकडी करून जाणारा जो वर्ग आज मुंबईत आहे, तो या परंपरेचा वारस होय.

दुसरे उत्तर इतिहासाने दिले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने 1896 मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला आणि ओस पडलेले गड ही राष्ट्राची तीर्थे आहेत, ही भावना सुशिक्षितांत पसरली. स्वातंत्र्याच्या लढ्यात तर या डोंगरांनी पुन्हा आश्रय दिला. माथेरानातच जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण, तथा भाई, कोतवाल यांनी 1942 च्या आंदोलनात आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडून सरकारास हैराण केले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या अरण्यात पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटील यांच्यासह हौतात्म्य पत्करले. त्या दस्त्यास रानातील वाटा, लपण्याच्या जागा आणि भाकरी देणारे हात याच वाड्यांवस्त्यांत मिळाले. स्वातंत्र्यानंतर गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनी गडागडांवर पायी हिंडून आपल्या लेखनाने महाराष्ट्रातील तरुणांस दुर्गभ्रमणाचे वेड लावले. राजमाचीच्या आसमंतातील जीवन त्यांच्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीने वाचकांच्या मनात कायमचे वसविले. 1953 मध्ये एव्हरेस्टवर मानवी पाऊल पडले, आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहणाची संस्था स्थापन झाली. हौसेस शिस्तीची जोड मिळाली. दोर कसा बांधावा, कातळावर तीन आधार पक्के असल्याखेरीज चौथा कसा हलवू नये, मागे पडलेल्या सोबत्यासाठी सर्वांनी कसे थांबावे, हे धडे सुट्टीच्या दिवशी मुंब्र्याच्या आणि कान्हेरीच्या कातळांवर दिले जाऊ लागले. गिरणगावातला, गिरगावातला आणि डोंबिवलीतला तरुण एका दोरावर चढू लागला, हे या संस्थांचे सामाजिक कार्य लहान नव्हे.

परंतु या सुखद इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याविना हा लेख पुरा होणार नाही. 1878 च्या जंगल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील डोंगराळ मुलूख सरकारी राखीव रानात जमा झाला, आणि ज्यांचा सारा संसार रानावर चालत होता त्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्यावर निर्बंध आले. भाताच्या रोपांसाठी राब भाजावयास फांद्या तोडणे, उतारावर दळी करून नाचणी-वरी पिकविणे, खैराच्या लाकडापासून कात काढणे या गोष्टी एकेकाळी वहिवाटीच्या होत्या, त्या अपराध ठरू लागल्या. असंतोष इतका वाढला की सरकारास 1885 मध्ये चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. शहरातला पाहुणा ज्या रानात स्वातंत्र्याचा श्वास घेण्यास जाऊ लागला, त्याच रानात तेथील मूळ रहिवाशाचे स्वातंत्र्य संकुचित होत गेले, हा विरोधाभास आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. असे असूनही चुकलेल्या पाहुण्यास वाटेवर आणून सोडणारा, टाक्याचे पाणी दाखविणारा, पडवीत पथारी टाकू देणारा आणि पिठले-भाकरीचे ताट पुढे करणारा तोच आहे. नेरळ-कर्जतच्या फलाटावर पळसाच्या द्रोणांत करवंदे-जांभळे विकणारी ठाकर स्त्री त्या रानाचा मेवा आपल्यापर्यंत आणते आणि त्याचे चार पैसे मोठ्या कष्टाने कमावते.

19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात इर्शाळगडाच्या पोटाची दरड कोसळून इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती गाडली गेली. इर्शाळगडास जाणारी पाऊलवाट या वाडीतूनच जात असे, आणि मुंबई-पुण्याच्या असंख्य भटक्यांनी तेथे तहान भागवली होती, ओटीवर पाठ टेकली होती. वाडीस गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि मदतीस धावलेल्यांना तीच निसरडी वाट चढून हातांनी माती उपसावी लागली. त्यांत गिरिभ्रमण करणारे तरुणही होते. ज्या वाटेने ते आनंदासाठी चढत आले होते त्याच वाटेने ते त्या दिवशी ऋण फेडण्यास चढले. आपल्या दृष्टीने जी वाट रम्य होती, तीच त्या वस्तीच्या दृष्टीने दवाखाना, शाळा आणि सुरक्षितता यांपासूनचे अंतर होती, हे सत्य त्या दुर्घटनेने उघड केले.

म्हणून एका दिवसाच्या वनविहारास निघणाऱ्याने काही गोष्टी स्वतःवर बंधनकारक मानाव्यात. वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. जेवण वाडीतच घ्यावे, म्हणजे शहरातला पैसा डोंगराच्या पदरात राहील. आपला कचरा आपल्या पाठीवरून परत आणावा. टाक्याचे पाणी नासवू नये, कारण उन्हाळ्यात तेच त्या वस्तीचे पाणी असते. आणि मतदार म्हणून, नागरिक म्हणून, त्या वाडीस रस्ता, दवाखाना आणि सुरक्षित जागा मिळावी यासाठी आपला शब्द खर्ची घालावा. सातवाहनकाळच्या सार्थवाहाने जकात दिल्यावाचून घाट ओलांडला नाही. आपणही त्याच घाटाचे प्रवासी आहोत, आणि या वाटांचे देणे आपल्यावरही आहे. ते प्रत्येक पिढीने आपल्या परीने चुकते केले तरच मुंबईकरांच्या रविवारी सह्याद्रीचे दार पुढच्या पिढ्यांसही उघडे राहील.